एम्युलेटर (खेळयंत्रांचे)

एका खेळयंत्रासाठी, म्हणजे कन्सोलसाठी, लिहिलेले खेळ संगणकावर चालावेत म्हणून त्या यंत्रातील प्रोसेसर, चित्रचिप, ध्वनिचिप व स्मृती यांचे वर्तन वठविणारी प्रणाली. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात ‘टीव्ही गेम’ म्हणून खपलेली, कॅसेट घालून चालणारी अनेक यंत्रे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या (१९८३) नकला होती, आणि ते खेळ आज पुन्हा खेळण्याचा सर्वांत सोपा मार्ग एम्युलेटर हाच आहे.

फॅमिकॉमचा प्रोसेसर अवघ्या १.७९ मेगाहर्ट्झचा आणि मुख्य स्मृती २ किलोबाइटची. तरीही जुन्या यंत्राची नक्कल करताना गिगाहर्ट्झमध्ये मोजला जाणारा लॅपटॉप दमू शकतो, कारण मूळ यंत्रातील चिपा एकाच वेळी काम करीत, तर एम्युलेटरला प्रत्येकीचे काम पाळीपाळीने उरकून, त्यांचा परस्परांशी ताल न चुकवता, सुमारे १६.७ मिलिसेकंदांत एक चित्रचौकट पुरी करावी लागते. हे काम अनेक गाभ्यांत (कोअरमध्ये) सहज वाटता येत नाही. म्हणून लॅपटॉप निवडताना गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग पाहावा. अचूकतेचेही मोल मोजावे लागते: १९९७ चे झेडस्नेस हे एम्युलेटर निन्टेन्डोच्याच सुपर फॅमिकॉमचे खेळ पेंटियमवर चालवी, पण त्याच यंत्राची ठोक्याठोक्याने नक्कल करणाऱ्या बीस्नेसला २०११ मध्ये सुमारे ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागे. खेळातील आज्ञांचे तुकडे लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या भाषेत एकदाच उतरवून पुन्हा पुन्हा वापरण्याच्या तंत्रामुळे (गतिमान पुनर्संकलन) पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ साध्या लॅपटॉपवरही चालतात. प्लेस्टेशन २ पुढे मात्र तो बहुधा हात टेकतो.

शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांत, जिथे पावसाळी वाऱ्यात वीज गेली की टीव्हीही बंद पडतो, तिथे बॅटरीवर चालणारा, सेलेरॉन एन४०२० सारख्या ६ वॅटच्या प्रोसेसरचा लॅपटॉप खरोखर उपयोगी ठरतो. असे लॅपटॉप पुष्कळदा पंख्याविना असतात. उन्हाळ्यात ते तापले की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो (थर्मल थ्रॉटलिंग) आणि बहुधा आधी आवाज तुटू लागतो. गोधडीऐवजी लाकडी पाटावर लॅपटॉप ठेवणे, चित्र मूळ यंत्राच्याच आकारमानात काढणे आणि बॅटरी-बचतीची सोय खेळापुरती बंद करणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

एम्युलेटर व खेळ यांचे हक्क वेगवेगळे असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक-प्रणालीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढू देते. दुसऱ्याने परवानगीविना पसरविलेला खेळ उतरवून घेणे त्या सवलतीत बसत नाही.