कोल हाशालोम : मध्यम लहरींवरचे एक लहान केंद्र

जुन्या रेडिओच्या काचेवर दोन-तीन पट्ट्या असत. त्यांतल्या एकीवर मीडियम वेव्ह असे लिहिलेले असे. आकाशवाणी तिला मध्यम लहरी म्हणे. आज आपल्या नातवंडांना ही पट्टी दाखवली तर ती कशासाठी आहे हे सांगावे लागते. मोबाइलमध्ये ती नाही, अनेक नव्या गाड्यांत नाही, आणि देशोदेशींची केंद्रे एकामागून एक तिच्यावरून उठून गेली आहेत. या पट्टीवरच्या एका लहान केंद्राची हकीकत आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी असे मला वाटते. हे केंद्र तेल अवीवसमोरच्या समुद्रात एका जहाजावर होते, आणि ते चालवणारा गृहस्थ मुंबईत लहानाचा मोठा झालेला होता.

आधी या लहरींविषयी थोडेसे. एफएमच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यात चालतात. मध्ये डोंगर किंवा मोठी इमारत आली की आवाज अडखळतो. मध्यम लहरी जमिनीला धरून पुढे सरकतात, आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच दूर जातात, कारण मीठ विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक असते. रात्री आणखी एक गोष्ट घडते. दिवसा वातावरणाचा जो वरचा थर या लहरी गिळून टाकतो तो सूर्यास्तानंतर विरळ होतो, आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून दिवसा गावापुरते ऐकू येणारे केंद्र रात्री सरहद्दीपलीकडे ऐकू येई. ऐकण्यासाठी लागत असे ते फक्त एक स्वस्त ट्रान्झिस्टर. ऐकणाऱ्याचे नाव-गाव कोणी विचारत नसे.

मुंबईचे केंद्र सुरू झाले 23 जुलै 1927 रोजी. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रक्षेपकाची शक्ती होती अवघी दीड किलोवॉट. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीने ते काढले होते. लोकांना कार्यक्रम आवडले, पण परवाना शुल्काच्या पैशातून खर्च भागेना, आणि 1930 साली कंपनी दिवाळ्यात निघाली. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली म्हणून मुंबईचा रेडिओ वाचला. 1936 साली या व्यवस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्याच वर्षी, 30 मार्च रोजी, इकडे ब्रिटिशांनी पॅलेस्टाइन ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस सुरू केली. तिचा प्रक्षेपक रामल्ला येथे होता आणि कार्यक्रम इंग्रजी, अरबी व हिब्रू अशा तीन भाषांत होत. 14 मे 1948 रोजी राज्याची घोषणा झाली, ती कोल यिस्राएलच्या नावाने लोकांनी मध्यम लहरींवरच ऐकली.

ज्या वर्षी मुंबईचे केंद्र निघाले त्याच 1927 सालच्या एप्रिलमध्ये इराणमधील अबादान येथे एबी नाथान यांचा जन्म झाला. ते बेने इस्राएल नव्हते. वडिलांचे मूळ येमेनचे, आणि मुलाचे बालपण व शिक्षण मुंबईचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हवाई दलात वैमानिक झाले. 1948 च्या लढाईत परदेशांतून आलेल्या स्वयंसेवकांबरोबर ते इस्राएलमध्ये आले, विमान उडवले, आणि इथेच राहिले. पुढे काही काळ एल आलमध्ये नोकरी केली. मग तेल अवीवमध्ये कॅलिफोर्निया नावाचे उपाहारगृह काढले. लेखक, नट, पत्रकार यांचा तो अड्डाच झाला.

28 फेब्रुवारी 1966 रोजी त्यांनी जे केले त्यामुळे त्यांचे नाव जगभर झाले. शालोम 1 असे नाव दिलेल्या एका जुन्या लहान विमानातून ते एकटेच इजिप्तमध्ये पोर्ट सैद येथे जाऊन उतरले. राष्ट्राध्यक्ष नासर यांना भेटून शांततेची विनंती करावी असा त्यांचा बेत होता. भेट झाली नाही. इजिप्तच्या अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. लोकांनी त्यांना वेडा म्हटले, काहींनी वीर म्हटले. शत्रूच्या लोकांशी सरकारला वगळून थेट बोलता आले पाहिजे, ही कल्पना मात्र त्यांच्या डोक्यातून गेली नाही. विमान एकदाच जाते. आवाज रोज जाऊ शकतो. म्हणून त्यांनी रेडिओचा मार्ग धरला.

जमिनीवर केंद्र काढणे शक्य नव्हते. त्या काळी इस्राएलमध्ये खासगी माणसाला रेडिओचा परवाना मिळत नसे. कोल यिस्राएल आणि सैन्याचे गालेई त्साहाल, एवढेच काय ते रेडिओ. नाथान यांनी हॉलंडमधले 1940 साली बांधलेले एक मालवाहू जहाज मिळवले, न्यू यॉर्कला नेऊन त्यावर प्रक्षेपक बसवले, आणि 1973 च्या मे महिन्यात तेल अवीवच्या समोर, देशाच्या सागरी हद्दीबाहेर नांगर टाकून प्रक्षेपण सुरू केले. लहर 1540 किलोहर्ट्झची. मोठ्या सरकारी केंद्रांच्या मानाने पसारा अगदी लहान. एक जहाज, दोन प्रक्षेपक, थोडे खलाशी आणि काही तरुण निवेदक. पण खाली सगळे खारे पाणी असल्यामुळे आवाज दूर पोहोचे आणि शेजारच्या अरब देशांतही ऐकू जाई. इंग्रजीत ते व्हॉइस ऑफ पीस, हिब्रूत कोल हाशालोम. भूमध्य समुद्रात कुठूनतरी बोलत आहोत, अशी त्यांची ओळख असे.

कार्यक्रमात भाषणे कमी आणि गाणी फार. निवेदक बहुतेक ब्रिटिश, त्यामुळे भाषा मुख्यतः इंग्रजी. त्याशिवाय हिब्रू, अरबी आणि फ्रेंच. संध्याकाळी शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत. सूर्यास्ताच्या वेळी हिंसाचारात मेलेल्यांच्या आठवणीसाठी काही क्षण शांतता पाळली जाई. रेडिओवर आवाज थांबला की माणूस दचकून कान देतो, हे चालवणाऱ्यांना ठाऊक असावे. हिंदुस्थानातून नव्याने आलेल्या आणि हिब्रू अजून जिभेवर न बसलेल्या, पण शाळेत इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढीला हे केंद्र ऐकणे सोपे होते. उल्पानमध्ये दिवसभर क्रियापदे घोकल्यावर संध्याकाळी कळेल असे काहीतरी कानावर पडावे, एवढीच अपेक्षा असे. राजकारणात आमच्यापैकी बहुतेकांचे मत नाथान यांच्यासारखे नव्हते. तरी गाणी लागत असत.

लोकप्रियता होती, पैसा नव्हता. पहिल्याच वर्षी खर्च झेपेना म्हणून प्रक्षेपण थांबवावे लागले आणि 1975 साली ते पुन्हा सुरू झाले. त्यानंतर जाहिराती मिळू लागल्या आणि काही वर्षे चांगली गेली. तरुण श्रोते जहाजाकडे वळल्याचे पाहून कोल यिस्राएलने 1976 च्या मे महिन्यात रेशेत गिमेल ही गाण्यांची वाहिनी काढली. सरकारी रेडिओला आपली चाल बदलावी लागली, ती या एका जहाजामुळे. 1980 च्या सुमारास नाथान यांनी मध्यम लहरींच्या जोडीला एफएमवर 100 मेगाहर्ट्झ ही जागा घेतली. स्वच्छ आवाजाची सवय लागलेला इस्राएली श्रोता तिकडे गेला. दूरच्या श्रोत्यांसाठी मात्र 1540 चीच लहर उरली.

नाथान यांचा स्वभाव वाट पाहण्याचा नव्हता. पीएलओच्या लोकांना भेटण्यास 1986 च्या कायद्याने बंदी होती. तो मोडून ते यासर अराफात यांना भेटले आणि 1989 साली तुरुंगात गेले. सुटल्यावर पुन्हा भेटले, पुन्हा तुरुंगात गेले. 1993 च्या जानेवारीत क्नेसेटने तो कायदाच रद्द केला, आणि 13 सप्टेंबर रोजी वॉशिंग्टनला राबिन आणि अराफात यांनी हस्तांदोलन केले. 1 ऑक्टोबर 1993 रोजी कोल हाशालोमचे प्रक्षेपण बंद झाले. आमचे काम झाले, असे नाथान म्हणाले. पण त्याला दुसरीही बाजू होती. जहाज जुने झाले होते, कर्ज वाढले होते, आणि जाहिरातदारांपुढे नवे मार्ग उघडत होते. व्यापारी दूरदर्शनची दुसरी वाहिनी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नियमित सुरू झाली, आणि जमिनीवरच्या खासगी प्रादेशिक केंद्रांची परवानगीही 1990 च्या कायद्याने झालेली होती. जहाज बंदरात आणून त्याचे संग्रहालय करण्याचा विचार होता. तो जमला नाही. 28 नोव्हेंबर रोजी ते खुल्या समुद्रात बुडवण्यात आले.

समुद्रातून बोलण्याचा हा मार्ग एकाच मताच्या लोकांनी वापरला असे नाही. 1988 पासून आरुत्स शेवा हे राष्ट्रीय-धार्मिक विचारांचे केंद्रही जहाजावरूनच चाले. क्नेसेटने 1999 साली त्याला मान्यता देणारा कायदा केला, उच्च न्यायालयाने तो 2002 साली रद्द ठरवला, आणि 2003 साली चालकांना दोषी ठरवल्यावर ते प्रक्षेपणही थांबले. डावे असो की उजवे, ज्याला जमिनीवर जागा मिळाली नाही तो पाण्यावर गेला. 1995 पासून प्रादेशिक केंद्रे सुरू झाली, ती सगळी एफएमवर. आपापल्या शहराच्या टप्प्यापुरती.

पुढे जगभर हेच होत गेले. मध्यम लहरींच्या केंद्राला उंच मनोरे, मोकळी जमीन आणि भरपूर वीज लागते. शहरांत विजेची उपकरणे वाढली तशी या लहरींवरची खरखर वाढली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींनी तीत आणखी भर घातली. श्रोते कमी झाले, जाहिराती गेल्या, आणि मनोऱ्याखालच्या जमिनीला रेडिओपेक्षा जास्त भाव आला. जर्मनीच्या डॉइचलांडफुंकने 2015 च्या अखेरीस मध्यम लहरी सोडल्या. फ्रान्सच्या सरकारी रेडिओनेही त्याच सुमारास सोडल्या. आकाशवाणीनेही अनेक जुने लहान प्रक्षेपक बंद करून एफएमचा विस्तार केला. मोठी केंद्रे एफएमवर किंवा इंटरनेटवर गेली. लहान केंद्रांपैकी पुष्कळांना ते परवडले नाही, ती नुसती मिटली.

आता कोणी म्हणेल, इंटरनेटवर हजारो केंद्रे आहेत, मग गेले काय? माझ्या मते दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे अवचित ऐकणे. बटण फिरवताना मध्येच एखादा परका आवाज लागे आणि माणूस थांबे. कैरोच्या किंवा बैरुतच्या माणसाने कोल हाशालोम शोधून काढले नव्हते, ते त्याला सापडले होते. इंटरनेटवर आपण जे शोधतो तेच मिळते. दुसरी म्हणजे ऐकणाऱ्याची गुप्तता. शत्रूचा रेडिओ ऐकला म्हणून ट्रान्झिस्टर कोणाला चहाडी सांगत नसे. आज कोण काय ऐकतो याची नोंद कुठे ना कुठे होतेच.

एबी नाथान 27 ऑगस्ट 2008 रोजी तेल अवीवमध्ये वारले. त्यांच्या थडग्यावर निसीती हा हिब्रू शब्द आहे. मी प्रयत्न केला, असा त्याचा अर्थ. त्यांच्या मतांविषयी आपल्यात एकमत होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. पण इतिहास शिकवणाऱ्याला त्यांच्या केंद्राच्या आणि 1930 साली बुडालेल्या मुंबईच्या कंपनीच्या हकीकतीत एक साम्य दिसते. दोन्हींना श्रोते होते. श्रोत्यांना कार्यक्रम आवडत होते. खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न मात्र दुसऱ्या कोणाचा तरी आहे, असे प्रत्येकाला वाटत राहिले. मुंबईच्या केंद्रामागे सरकार उभे राहिले म्हणून ते टिकले. जहाजामागे कोणी उभे राहिले नाही.

मराठी आणि हिब्रू अशा दोन भाषांत निघणाऱ्या आपल्या या अंकामागेही कुठलेच सरकार उभे नाही. वाचणारे पुष्कळ आहेत, एकाच घरातला अंक तीन घरांत फिरतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या तीन घरांतून तीन वर्गण्या आल्या तर ती अधिक आनंदाची होईल.