भोसले : एक आडनाव, अनेक गाद्या

साताऱ्याचे भोसले, कोल्हापूरचे, तंजावरचे, नागपूरचे, अक्कलकोटचे. शिवाय सावंतवाडीचे सावंत-भोसले. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे आपण सहज धरून चालतो. कागद तपासले की हे गृहीत प्रत्येक गादीपाशी सारखे टिकत नाही.

सर्वांत पक्का धागा पहिल्या तिघांचा. मालोजींचे पुत्र शहाजी, शहाजींचे शिवाजी आणि व्यंकोजी. व्यंकोजींनी तंजावरची गादी स्थापली. शिवाजी महाराजांच्या नातवांतला वाद १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला आणि सातारा व कोल्हापूर ही दोन राज्ये ठरली. इथपर्यंत वंशावळ आणि तहनामा एकमेकांना दुजोरा देतात.

नागपूरकरांपाशी मात्र जपून बोलावे लागते. परसोजी भोसल्यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांनी सेनासाहेब सुभा हा किताब दिला. पुढे रघूजींनी नागपुरात बस्तान बसवले. शाहूंनी आपल्या राणीची, शिर्के घराण्यातली, बहीण रघूजींना दिली. साताऱ्यास राहून तिथली दप्तरे पाहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात ही सोयरीक नोंदवली आहे. ती, समान आडनाव आणि पाटीलकीवरून जुना तंटा असावा अशी शक्यता, यांपलीकडे दोन्ही घराण्यांत त्याला नाते सापडले नाही. दोन्ही घराणी मूळची एकच, असे परंपरा सांगते. पण परंपरा आणि पुरावा वेगळे ठेवलेले बरे.

अक्कलकोटच्या बाबतीत तर रक्ताचा प्रश्नच उरत नाही. १७०७ साली शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत येत असता पारद गावच्या लोखंडे पाटलाने त्यांना विरोध केला. चकमकीत पाटील पडला. त्याच्या विधवेने लहान मुलगा राणोजीला शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी त्याला पदरी घेतले आणि राणोजी लोखंडेचा फत्तेसिंह भोसले झाला. अक्कलकोटचे राजघराणे त्याच्यापासूनचे.

भोसले वंशाचा सर्वांत टिकाऊ दस्तऐवज महाराष्ट्रात नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजी दुसऱ्यांनी १८०३ साली तो मराठीत कोरवून घेतला. कोरवणारा कोण, हे विसरता येत नाही. सरफोजी हे तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ साली घेतलेले दत्तक. ते दत्तक तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंह याने अमान्य केल्यामुळे त्यांना १७९८ पर्यंत गादी मिळाली नव्हती, आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. अशा राजाला आपला वंश दगडावर हवासा वाटला, यात वारसा सिद्ध करण्याची निकड असावी, असे अनुमान करता येते.

साताऱ्याची कथाही वेगळी नाही. १७७७ साली साताऱ्याचे छत्रपती रामराजे यांनी वावीच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याला शाहू नाव दिले. प्रतापसिंह आणि आप्पासाहेब हे त्या दत्तकाचे पुत्र. १८४८ साली निपुत्रिक आप्पासाहेबांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने तो राज्याचा वारस म्हणून नाकारला आणि सातारा खालसा केले. १८५४ मध्ये नागपूर गेले, १८५५ मध्ये तंजावर. सात वर्षांत एकाच आडनावाच्या तीन गाद्या औरस पुत्र नाही या कारणाने बुडाल्या. त्यांपैकी साताऱ्याची आणि तंजावरची गादी मात्र आधीच दत्तकावर चालत आली होती.

कोल्हापूर टिकले. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक विधीने शाहू छत्रपती झाले. म्हणून आडनावावरून वंशवृक्ष काढणाऱ्याने प्रत्येक फांदीपाशी आधी दत्तकपत्र शोधावे. भोसले हे कुठे जन्माने आलेले आडनाव आहे, कुठे विधीने, तर कुठे राजाच्या शब्दाने. आणि गादीचा इतिहास या तिन्हींनी मिळून घडलेला आहे.