पाच रोपे, एक हेर आणि फळाविना सरलेले उन्हाळे

१/ आज बाजारात दिसणारी टपोरी, लालभडक स्ट्रॉबेरी निसर्गात कुठेही आपसूक उगवलेली नाही. तीनशे वर्षांपूर्वी ती पृथ्वीच्या पाठीवर नव्हतीच. तिच्या जन्मकथेत एक फ्रेंच हेर आहे, दक्षिण अमेरिकेतील शेतकरी आहेत, एक किशोरवयीन मुलगा आहे आणि या सर्वांच्या नकळत राबणाऱ्या मधमाश्या आहेत.

२/ जानेवारी १७१२. सेंट मालो बंदरातून एक जहाज दक्षिण अमेरिकेकडे निघाले. त्यावर आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए हा लष्करी अभियंता होता. वरकरणी व्यापारी, प्रत्यक्षात चौदाव्या लुईचा हेर. चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश तटबंदीचे नकाशे काढणे, ही त्याची कामगिरी होती.

३/ चिलीतील कॉन्सेप्सिऑन येथे किल्ल्यांखेरीज आणखी एका गोष्टीवर त्याची नजर खिळली. तेथे शेतेच्या शेते स्ट्रॉबेरीची होती आणि फळे अक्रोडाएवढी, क्वचित कोंबडीच्या अंड्याएवढी. युरोपातील रानस्ट्रॉबेरी त्या काळी बोटाच्या पेराहूनही लहान असे. चिलीचे हे फळ मापुचे आणि त्यांच्या शेजारच्या लोकांनी स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून निवडून, जोपासून मोठे केले होते. स्पॅनिशांनी त्याला ‘फ्रुतिया’, म्हणजे ‘छोटे फळ’, असे नाव दिले.

४/ फ्रेझिएने रोपे सोबत घेतली. परतीचा प्रवास कित्येक महिन्यांचा, त्यात उष्ण कटिबंध ओलांडायचा. जहाजावर गोडे पाणी माणसांनाही मोजून मिळे; त्यातलेच रोपांना घालावे लागे. ऑगस्ट १७१४ मध्ये जहाज मार्सेयला लागले तेव्हा पाच रोपे जिवंत होती. पाणी पुरवणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्याला त्यांतली दोन मिळाली. एक पॅरिसच्या राजोद्यानात आंत्वान द जुसियू यांच्याकडे गेले, एक फ्रेझिएच्या वरिष्ठाकडे, आणि एक त्याने स्वतःजवळ ठेवले.

५/ रोपे जगली, पसरली, दर उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरली. परंतु फळ धरेना. माळ्यांनी माती बदलली, खत बदलले, जागा बदलली. फुले येत आणि गळून जात. ज्या फळाच्या मोहाने रोपे समुद्रापार आणली, तेच फळ हाती लागत नव्हते.

६/ कारण फ्रेझिएच्या निवडीतच दडले होते. युरोपातील रानस्ट्रॉबेरीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. चिलीच्या स्ट्रॉबेरीत मात्र बहुधा नर आणि मादी रोपे वेगळी असतात. सर्वांत मोठी फळे धरलेली रोपे फ्रेझिएने निवडली, म्हणजे सगळी मादीच निवडली. परागकण देणारे नर रोप हजारो मैल मागे, चिलीतच राहिले. वनस्पतींनाही लिंगभेद असतो, हे कामेरारियुस या जर्मन विद्वानाने १६९४ मध्येच मांडले होते. पण ते ज्ञान अद्याप बागेच्या वाफ्यापर्यंत पोहोचले नव्हते.

७/ जवळच्या रानस्ट्रॉबेरीचे पराग का चालले नाहीत? याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. रानस्ट्रॉबेरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, चिलीच्या स्ट्रॉबेरीत ५६. हे अंतर सहसा सांधले जात नाही. उत्तर अमेरिकेतून सतराव्या शतकात युरोपात आलेल्या व्हर्जिनिया स्ट्रॉबेरीत मात्र नेमकी ५६ गुणसूत्रे आहेत.

८/ ब्रिटनी प्रांतात, ब्रेस्ट बंदराजवळच्या प्लुगास्तेल परिसरातील शेतकऱ्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते. पण चिलीच्या रोपांच्या ओळींमध्ये दुसऱ्या जातीच्या स्ट्रॉबेरीची रोपे लावली की फळ धरते, हे त्यांच्या ध्यानात आले. एका वाफ्यावरून दुसऱ्या वाफ्यावर पराग नेण्याचे काम मधमाश्या, इतर कीटक आणि वारा करीत. पुढे प्लुगास्तेल हे स्ट्रॉबेरीचेच गाव म्हणून ख्यातनाम झाले.

९/ या व्यवहारामागचे शास्त्र उलगडले ते आंत्वान निकोला द्युशेन याने. व्हर्सायच्या राजवाड्यातील एका अधिकाऱ्याचा हा मुलगा. चिलीच्या मादी रोपाजवळ त्याने मस्क स्ट्रॉबेरीची नर रोपे ठेवली आणि फळे धरली. ६ जुलै १७६४ रोजी त्याने ती फळे पंधराव्या लुईपुढे ठेवली. तेव्हा तो किशोरवयातच होता. दोन वर्षांनी त्याने स्ट्रॉबेरीवर ग्रंथ लिहिला. युरोपच्या बागांत नव्याने दिसू लागलेली, अननसासारख्या वासाची स्ट्रॉबेरी ही चिली आणि व्हर्जिनिया यांची संतती आहे, हे त्याने त्यात ओळखले. आजची स्ट्रॉबेरी तिच्याच वंशातली.

१०/ मधमाशीला तिचे श्रेय मिळायला आणखी अवधी लागला. फुलांचे रंग, गंध आणि मध हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी असते, असे क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने १७९३ मध्ये सविस्तर दाखवले. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे डार्विनने त्याचे महत्त्व ओळखले.

११/ स्ट्रॉबेरीच्या बाबतीत हे श्रेय डोळ्यांनी पाहता येते. आपण ज्यांना तिच्या ‘बिया’ म्हणतो, ती प्रत्येक ‘बी’ वस्तुतः एक स्वतंत्र फळ असते. तिला पराग मिळाले तरच तिच्याभोवतालचा गर फुगतो. जेथे पराग पोहोचले नाहीत, तेथे फळ खुरटते, वेडेवाकडे होते. सुडौल स्ट्रॉबेरी म्हणजे कीटकांनी आणि वाऱ्याने नीट पार पाडलेल्या कामाची पावतीच.

१२/ या कथेचा एक धागा सह्याद्रीतही येतो. इंग्रज अमदानीत स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला आली. २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. फ्रान्समधला उन्हाळी हंगाम येथे हिवाळ्यात येतो. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

१३/ इतिहासात फ्रेझिएचे नाव राहिले, द्युशेनचेही राहिले. ज्या मापुचे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे फळ वाढवले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुणी टिपून ठेवले नाही. फ्रेझिएने त्यांच्या शेतातले फळ पाहिले, रोपे उचलली. पण ते फळ ज्या नात्यावर उभे होते, ते नाते त्याला दिसले नाही. त्या न दिसलेल्या नात्याची किंमत फ्रान्सच्या बागांनी कित्येक उन्हाळे, फळाविना, मोजली.