उसवलेले ठिगळ : ओपनएसएसएचमधील एका त्रुटीची १८ वर्षे

१/ १ जुलै २०२४. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केले की, जगभरातील सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये एक छिद्र आहे. पासवर्ड ठाऊक नसलेला परकाही त्यातून यंत्राचा सर्वाधिकारी होऊ शकतो. त्याच्या कक्षेत येऊ शकतील असे १ कोटी ४० लाखांहून अधिक सर्व्हर इंटरनेटवर उघडे होते. मात्र हे छिद्र नवे नव्हते. २००६ साली ते एकदा बुजवलेले होते.

२/ थोडी पूर्वपीठिका. दूरच्या यंत्रावर काम करण्याची जुनी सोय म्हणजे टेलनेट. तीत पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जात असे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, आणि तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ हा पोर्ट क्रमांक त्यांनी रीतसर मागून घेतला. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याच्या एका जुन्या, मुक्त आवृत्तीपासून ओपनएसएसएच घडवले.

३/ आता मूळ दोष पाहू. दारात आलेल्याने ओळख पटवावी म्हणून सर्व्हर त्याला ठरावीक अवधी देतो. सध्या तो सामान्यतः १२० सेकंदांचा असतो. अवधी संपताच गजर होतो आणि प्रोग्राम हातातले काम जसेच्या तसे टाकून गजराकडे धावतो. तेथे तो ‘वेळ संपली’ अशी नोंद लॉगमध्ये करतो. पण ही नोंद करतानाही मेमरीची हलवाहलव होते. कोठाराची मांडामांड अर्धवट असताना त्याच कोठारात दुसऱ्याने हात घालावा, तसा हा प्रकार. तो नेमका क्षण साधणाऱ्याला मालकी मिळते.

४/ मार्क डाउड यांनी हा दोष दाखवला आणि सप्टेंबर २००६ मधील ४.४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. दुरुस्ती अगदी साधी होती : नोंद करणारा धोकादायक भाग एका अटीच्या कुंपणात घालण्यात आला. जेथे तो निर्धोक नाही, तेथे प्रोग्रामने नोंद न करता मुकाट्याने बाहेर पडावे.

५/ १४ वर्षे गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉग लिहिण्याच्या संपूर्ण व्यवस्थेची फेररचना झाली. तीत ती अट अनवधानाने गळाली. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा वाटेल. नवी, नेटकी प्रत करणारा लेखनिक समासातील टीप वगळतो, कारण ती तेथे का आली हे सांगणारा कोणी शेजारी नसतो. मार्च २०२१ च्या ८.५ आवृत्तीबरोबर जुने छिद्र पुन्हा जगभर गेले.

६/ यातील विलक्षण भाग असा : ‘नेहमी अद्ययावत राहा’ हा उपदेश पाळणारेच येथे अडचणीत आले. डेबियन ११ मध्ये ८.४ आवृत्ती होती, ती सुरक्षित. डेबियन १२ मध्ये ९.२ होती, ती सदोष. यावरून अद्ययावत करणे सोडावे असे मुळीच नाही (४.४ पूर्वीची सॉफ्टवेअरे तर दुहेरी संकटात!). पण ‘नवे म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण मला तेव्हापासून पटत नाही.

७/ हल्ला सोपा नव्हता. ३२-बिट लिनक्सवरील प्रयोगात तो क्षण गाठायला सरासरी १०,००० प्रयत्न लागले. एका वेळी १०० जोडण्या धरल्या, तर ३ ते ४ तास; मेमरीतील पत्त्याचा अंदाज जमेस धरला, तर ६ ते ८ तास. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या एका रात्रीच्या झोपेएवढा वेळ.

८/ त्याच दिवशी ९.८ आवृत्ती आली. डेबियन आणि उबुंटूनेही आपापले पॅच दिले. ज्यांना लगेच बदल करणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय होता : ती १२० सेकंदांची मुदत शून्य करायची, म्हणजे गजरच होणार नाही. मात्र मग कोणीही दारात कायमचे ताटकळत बसून सगळ्या जागा अडवू शकतो. मालकी जाण्यापेक्षा दार तुंबलेले बरे, एवढाच तो सौदा.

९/ आणि ओपनबीएसडी, जेथे ओपनएसएसएच जन्मले? तिला या छिद्राची झळ लागली नाही. गजराच्या मध्येही निर्धोक चालेल अशी नोंदीची निराळी सोय तिच्या कर्त्यांनी २००१ सालीच करून ठेवली होती.