पहिल्या लेकराला कुठे ठेवायचं?



गेल्या महिन्यात माझी धाकटी लेक दुसऱ्या बाळंतपणासाठी कळंबला आली. सातवा महिना, आणि कडेवर दोन वर्षांची नात. ती यायच्या आधी मी फोनवर म्हणाले होते, "चिमणीला तिकडच्या आजीजवळ ठेव आणि तू एकटी ये. तुला जरा आराम मिळेल." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "आई, तुलाही असंच ठेवलं होतं ना गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, आणि त्यातूनच हा लेख आला.

माझा जन्म १९६१ चा, बार्शीचा. मी पावणेदोन वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. एकत्र कुटुंब, पंधरा माणसांचा स्वयंपाक, आणि मी सारखी तिच्या पदराला. मला परंड्याला आजोळी नेऊन सोडलं, 'चार महिन्यांसाठी'. भाऊ झाला, नंतर आई आजारी पडली, मग उन्हाळा आला, मग चातुर्मास. मी परत आले तेव्हा साडेतीन वर्षांची झाले होते. दारात आईने हात पुढे केले, तर मी आजोबांच्या धोतरामागे लपून विचारलं, "ही काकू कोण?" हा किस्सा घरात कित्येक वर्षं हसत हसत सांगितला जायचा. आई कधी हसली नाही. विषय निघाला की ती काहीतरी काम काढून आत निघून जायची.

आपल्या कुंथलगिरीची कथा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, भूम तालुक्यातलं हे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी इथेच सल्लेखना घेतली. इथून मोक्षाला गेलेले कुलभूषण आणि देशभूषण हे सख्खे भाऊ. लहानपणीच त्यांना विद्या शिकायला गुरूंकडे ठेवलं. वर्षांनी नगरात परतले तर झरोक्यात एक मुलगी दिसली, आणि दोघांचंही मन तिच्यावर गेलं. ती त्यांची सख्खी बहीण निघाली. त्या लाजेतून दोघांना वैराग्य आलं. मी ही कथा नेहमी वैराग्याची म्हणूनच ऐकली आणि सांगितली. यंदा मात्र वाटलं, एकाच आईची लेकरं एकमेकांना ओळखू शकली नाहीत, हेही त्या कथेत आहे.

दुसरं पोटात आलं की पहिलं दूर होतं. आधी आईच्या दुधापासून, मग मांडीवरून, आणि पुष्कळदा घरातूनच. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई काम करत होत्या. एक-दोन वर्षांची मुलं पाय सुजलेली, केसांचा रंग उडालेली, किरकिरी अशी त्यांच्याकडे यायची. मक्याच्या पेजेवर वाढणारी मुलं. तिथल्या बायकांकडे या दुखण्याला एक शब्द होता, क्वाशिओर्कर. पाठचं भावंड आलं की आधीच्या लेकराला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टरबाईंनी १९३५ मध्ये तोच शब्द वैद्यकाच्या मासिकात छापला आणि आज जगभरची पुस्तकं तोच वापरतात. रोगाचं कारण त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बायकांनी आधीच नावात सांगून ठेवलं होतं: अंगावरचं दूध तुटलं आणि त्याच्या जागी पोटभरीचं पण कसाचं नसलेलं अन्न आलं.

आपल्याकडे दूध तोडायला छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावत. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, तो पाच लेकरांच्या वेळी लावला. त्यांचं लग्न निजामाच्या राज्यातलं. कळंब तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. पोलीस ॲक्शन झाली त्या १९४८ च्या सप्टेंबरात त्यांना पहिल्या वेळचे दिवस होते. पुढची सगळी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. पहिल्या खेपेला डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं झालं. "दुसऱ्या खेपेला कोणी विचारलंसुद्धा नाही," त्या सांगायच्या. "एक पोटात, एक कडेवर, आणि समोर जातं." सूर्य मावळायच्या आत घरादाराचं जेवण उरकायचं, पाणी गाळून उकळून ठेवायचं. ओकाऱ्यांमुळे दिवसा पोटात काही टिकायचं नाही आणि रात्री भूक लागली तरी मागायची सोय नव्हती.

दोन लेकरांत अंतर असावं हे त्या पिढीला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, हातात काही नव्हतं. मुंबईत महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच संततिनियमनाचा सल्ला द्यायला केंद्र काढलं होतं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी दवाखाना काढला तेही हेच वर्ष. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्यावरून खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाबासाहेबांनीच १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून भाषण केलं होतं, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. पण मुंबई कुठे आणि निजामाचं कळंब कुठे! यातलं काहीच आत्याबाईंच्या जात्यापर्यंत पोचलं नाही. सरकारने १९५२ मध्ये कुटुंब नियोजन हाती घेतलं, आणि भिंतीवर लाल त्रिकोण दिसू लागला तेव्हा त्यांची आठ बाळंतपणं होऊन गेली होती. जगली पाच.

१९७२ चा दुष्काळ मी स्वतः पाहिला, अकरा वर्षांची होते. दुकानाच्या पायरीवरून दिसायचं, बायका खडी फोडायला निघायच्या. एक अवघडलेली बाई रोज जायची. तिचं चालतं लेकरू मागे पळायचं, रडायचं, पुन्हा पळायचं. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून आणायची आणि आमच्या पायरीवर बसून लेकराला भरवायची. स्वतः खाताना मी तिला पाहिलं नाही. वडील तिला पाणी द्यायला सांगायचे, यापलीकडे आम्ही काही केलं नाही. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून लागू झाला. त्यात कामावर लेकरं सांभाळायची सोय असावी असं लिहिलं गेलं. ते वाचलं तेव्हा मला तीच आठवली.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर लिहिली नव्हती.

१९८७ मध्ये मला पहिली मुलगी झाली. १९८९ च्या शेवटी पुन्हा दिवस गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. नात्यातल्या एक मोठ्या बाई घरी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता तपासून घ्या. पुन्हा मुलगीच असली तर?" पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे तपासून सांगायला महाराष्ट्रात १९८८ च्या कायद्याने बंदी आली होती. देशात असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. पण देशभराचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. मधल्या काळात सीमेपलीकडे जाणं सोपं होतं, आणि आपल्या भागातून सीमा काही तासांवर. त्या बाईंनी गाडीची वेळसुद्धा सांगितली. यजमान पेपरात डोकं घालून बसले. मी, बी. कॉम. झालेली, चार ओळी इंग्रजी वाचणारी, मुलीचे केस विंचरत राहिले. मी नाही म्हटलं नाही. हे मला आज लिहायचंच आहे.

आत्याबाई समोर तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तांदळातली अळीसुद्धा आपण बोटाने उचलून बाजूला ठेवतो. आणि तुम्ही हे काय बोलताय?" बस, एवढंच. तो विषय पुन्हा त्या घरात निघाला नाही. तेव्हाच कोणीतरी मोठीला माझ्या माहेरी पाठवायचं काढलं, त्यालाही त्या नाही म्हणाल्या. "माझ्याजवळ निजेल. पण ह्याच घरात." पुढचे सहा महिने माझी मुलगी आजीच्या कुशीत झोपली, आणि पहाटे उठून मला हात लावून पाहायला यायची. १९९० मध्ये धाकटी झाली. मांडीवर दोन वर्षांची चिमणी घेऊन समोर बसली आहे ती हीच.

शाळा नसलेल्या आत्याबाईंना जे बोलता आलं ते आपल्या शिकलेल्या समाजाला किती जमलं, याचे आकडे आहेत. २००१ च्या जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, मोठ्या धर्मांत सगळ्यांत जास्त. त्याच जनगणनेत जैनांतल्या सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८७०. २०११ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा तर ८०७ निघाला. हिशेब मला कळतो. इतक्या मुली कमी जन्माला येणं हा निसर्गाचा हिशेब नाही. आणि मुलींना मारायचं ठरतं ते पुष्कळदा दुसऱ्या खेपेलाच, पहिली मुलगी दारात खेळत असताना.

आचार्य जिनसेनांचं आदिपुराण हे राष्ट्रकूटांच्या काळातलं, नवव्या शतकातलं. त्यात भगवान ऋषभदेव ब्राह्मी आणि सुंदरी या लेकींना मांडीवर बसवून अक्षरं आणि अंक शिकवतात. त्याच ग्रंथात गर्भान्वय क्रिया आहेत: तिसऱ्या महिन्यात प्रीति, पाचव्यात सुप्रीति, सातव्यात धृति, नवव्यात मोद. जन्मानंतर नाव ठेवणं, बाहेर नेणं, बसवणं, पहिला घास, वर्षाची व्युष्टि, जावळ, आणि पाचव्या वर्षी अक्षर-ओळख. या नावांकडे नीट पाहा. दुसरं पोटात असतं तेव्हा पहिलं नेमकं याच पायऱ्यांवर असतं, पहिला वाढदिवस झालेला आणि अक्षरं अजून लांब. त्या पायऱ्यांवरून त्याला खाली उतरवा असं तिथे कुठे म्हटलेलं नाही.

तर चिमणी इथेच आहे. आम्ही काय करतो ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. लेक तिला उभ्याने उचलत नाही. खाली बसते आणि मग मांडीवर घेते. रात्री चिमणी आजोबांजवळ निजते, पण दार उघडं असतं. दुधाचं आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं, पाला वाटला नाही. सकाळी तिला अंगणवाडीत दोन तास नेते, तेवढ्यात लेक झोपून घेते. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत निदान दोन वर्षं जावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुनांना आणि लेकींना हे लग्नानंतर लगेच सांगा, लाजू नका. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर पात्र आईला ६००० रुपये मिळतात, अंगणवाडी ताई अर्ज भरून देतात.

परवा मंदिरात एक ओळखीच्या बाई लेकीला म्हणाल्या, "आता मुलगाच होऊ दे हं." लेक हसली. या वेळी मी केस विंचरत बसले नाही. म्हणाले, "जे येईल ते आमचं. आणि ही जी आहे ती ऐकते आहे, बरं का." बाई जरा ओशाळल्या. चिमणीचं लक्षच नव्हतं. तिने मुठीतली दोन द्राक्षं आईच्या पोटाला लावली आणि बाळ खात का नाही म्हणून मला विचारलं.

आई असती तर तिला हे सांगितलं असतं.

जय जिनेंद्र.