तांब्याचा ठोकळा आणि एक संशोधक विद्यार्थी

१९३९ साली ब्रिटनच्या किनाऱ्यावर रडार पहारा देत होते, पण त्याच्या लहरी दहा-बारा मीटर लांबीच्या होत्या आणि त्यासाठी शंभर मीटरहून उंच मनोरे लागत. विमानात बसेल एवढे रडार हवे, तर लहर दहा सेंटिमीटरच्या आसपास आणायला हवी होती. इतकी आखूड लहर पुरेशा ताकदीने सोडणारी नळी ब्रिटनकडे नव्हती.

नौदलाने हे काम बर्मिंगहॅम विद्यापीठात मार्क ऑलिफंट यांच्याकडे सोपवले. त्यांची सारी भिस्त क्लायस्ट्रॉन नावाच्या नळीवर होती. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांच्या वाट्याला दुय्यम काम आले. बूट तेव्हा पीएच.डी. करणारा बावीस वर्षांचा विद्यार्थी. दोघांनी मॅग्नेट्रॉन ही जुनी नळी नव्याने हाती घेतली. तांब्याच्या ठोकळ्यात मधोमध एक भोक, भोवती सहा गोल पोकळ्या आणि प्रत्येक पोकळीतून मधल्या भोकात उघडणारी बारीक फट. चुंबकाच्या प्रभावाखाली मधे गरगरणारे इलेक्ट्रॉन या फटींवरून जातात आणि बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातल्यावर ती घुमते, तशा पोकळ्या घुमू लागतात. लहरीची लांबी ठरते ती पोकळीच्या मापावर.

२१ फेब्रुवारी १९४० रोजी नळी चालू झाली. जोडलेले दिवे प्रखर पेटून जळून गेले. मोजमाप केल्यावर निघाले सुमारे ४०० वॅट, आणि लहर दहा सेंटिमीटरच्या जरा आतच! पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन सोव्हिएत संघात अलेक्सेयेव्ह आणि माल्यारोव्ह यांनी आधीच केला होता, हेही इथे सांगितलेच पाहिजे. पण तो रडारच्या कामी आला तो बर्मिंगहॅममधून.

त्याला कारखान्यात बनवण्याजोगे रूप वेम्बलीच्या जीईसी कंपनीत एरिक मेगॉ यांनी दिले. सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ टिझार्ड यांच्या शिष्टमंडळाने तिथे बनलेली एक नळी अमेरिकेला नेली. सोबतच्या आराखड्यात पोकळ्या सहा होत्या. क्ष-किरणांखाली पाहिले, तर नळीत आठ! तिच्यामुळेच एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी उभी राहिली. आपल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉनही याच कुळातला.

१९४३ मध्ये रँडल आणि बूट यांना रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सचे थॉमस ग्रे स्मृती पारितोषिक मिळाले. १९४९ मध्ये सरकारने रँडल, बूट आणि नळीत महत्त्वाची सुधारणा करणारे जेम्स सेयर्स यांना मिळून ३६,००० पौंड दिले. रडारमधल्या विद्यार्थी-संशोधनाचा याहून मोठा गौरव मला ठाऊक नाही.