चिलिका सरोवरातील नौकाविहार

चिलिका सरोवरातील नौकाविहार हा भारताच्या ओडिशा राज्यातील एक प्रमुख पर्यटन उपक्रम आहे. चिलिका हे बंगालच्या उपसागरालगतचे मचूळ पाण्याचे खारकच्छ असून ते पुरी, खोर्धा व गंजाम या जिल्ह्यांत पसरलेले आहे. इरावती डॉल्फिन, स्थलांतरित पक्षी आणि सरोवरातील बेटे ही येथील मुख्य आकर्षणे होत.

सरोवराचे स्वरूप

दया, भार्गवी इत्यादी नद्यांचे गोडे पाणी आणि मुखातून येणारे समुद्राचे खारे पाणी येथे मिसळते. त्यामुळे पाण्याचा खारटपणा ऋतूनुसार बदलतो. सरोवराचे क्षेत्रही उन्हाळ्यात सुमारे ९०० चौ.किमी., तर पावसाळ्यात सुमारे १,१०० चौ.किमी.पेक्षा अधिक असते. विस्ताराच्या मानाने सरोवर उथळ असल्याने येथे सपाट तळाच्या नौका वापरल्या जातात.

प्रमुख जलमार्ग

सातपडा : पुरीहून सुमारे ५० किमी. अंतरावरील हे ठिकाण समुद्रमुखाकडील भागात आहे. डॉल्फिन पाहण्यासाठी, तसेच समुद्रमुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर जाण्यासाठी येथून नौका सुटतात.

बरकुल : बालुगाव रेल्वे स्थानकाजवळील या धक्क्यावरून कालीजाई बेटावर जाता येते. विवाहासाठी सरोवर पार करताना वादळात बुडालेल्या जाई नावाच्या मुलीची लोककथा बेटावरील देवीशी जोडलेली आहे. मकरसंक्रांतीला तेथे मोठी यात्रा भरते.

रंभा : सरोवराच्या दक्षिण टोकाजवळील या भागात डोंगरांच्या पार्श्वभूमीवर लहान खडकाळ बेटे दिसतात.

नलबन : हे बेट पक्षी अभयारण्य असून पावसाळ्यात पाण्याखाली जाते. हिवाळ्यात तेथे हजारो पाणपक्षी उतरतात. पक्ष्यांना व्यत्यय येऊ नये म्हणून ते दुरूनच पाहावे लागतात. पक्षिनिरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल मानला जातो.

पर्यटन व संवर्धन

चिलिकाला १९८१ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे गाळ साचून समुद्राशी असलेला संपर्क क्षीण झाला, खारटपणा घटला आणि पाणवनस्पती बेसुमार वाढल्या. परिणामी १९९३ मध्ये सरोवराचा समावेश धोक्यातील पाणथळ स्थळांच्या माँत्रो नोंदीत करण्यात आला. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. त्यानंतर मत्स्योत्पादन सुधारले आणि २००२ मध्ये सरोवर त्या नोंदीतून वगळण्यात आले.

मासेमारीवर अवलंबून असलेल्या अनेक कुटुंबांना नौकाविहारामुळे पूरक उत्पन्न मिळते. मात्र हे उत्पन्न ज्या डॉल्फिनांमुळे मिळते, त्यांनाच नौकांचा धोका संभवतो. इरावती डॉल्फिन ही जगभर संकटग्रस्त मानली जाणारी प्रजाती असून चिलिकातील त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे. डॉल्फिन ध्वनीच्या साहाय्याने भक्ष्य शोधतात. त्यामुळे यंत्राच्या आवाजाने त्यांच्या हालचालींत बाधा येते, तर श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येताना नौकेच्या पंख्याची पाती लागून ते जखमी होऊ शकतात. अनेक नौकांनी एकाच कळपाला घेरल्यास हा धोका वाढतो. डॉल्फिन दिसताच वेग कमी करणे, अंतर राखून यंत्र बंद ठेवणे आणि कळपाचा पाठलाग टाळणे ही जबाबदार नौकाविहाराची मूलभूत पथ्ये आहेत. ती पाळली जाण्यासाठी नावाड्याइतकेच प्रवाशांचे सहकार्य आवश्यक असते, कारण पाठलाग बहुधा डॉल्फिन अधिक जवळून पाहण्याच्या आग्रहातूनच होतो.